बंद करू नये

वैजयंती गेल्याचं मला कॉलेजच्या ग्रुपवर कळलं. खाली पहिलं हात जोडलेलं चित्र कुणाचं असावं? आमच्या विभागप्रमुखांचं! किळस आली. शोकसभेत तर हा माणूस गहिवरून बोलला, "मॅडमचं स्वप्न ते आमचं स्वप्न." ज्यानं ते स्वप्न गुंडाळलं, तोच फोटोला हार घालून राहिला होता... आणि मी पहिल्या रांगेत बसून मान हलवत होतो.

वैजयंती काटोलच्या संत्रावाल्यांची पोर, माझ्याच विभागात शिकवायची. बागांखालचं पाणी किती खोल चाललंय, याचं गणित तिला मांडायचं होतं. ते एका कॉम्प्युटरच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून तिनं नागपुरातल्या पाच कॉलेजांची रिकामी पडलेली मशीनं एकमेकांना जोडली आणि गणिताचे तुकडे सगळ्यांना वाटून दिले. यालाच ग्रिड म्हणतात. मशीनं दहा तऱ्हेची, पण प्रोग्रॅमनं त्यांच्याशी बोलायची रीत एकच हवी, सगळ्या जगानं मानलेली, हा तिचा हट्ट. मी विचारलं, एवढा आटापिटा कशाला? तर म्हणाली, "संत्र्याची पेटी कळमन्याच्या बाजारात कोणत्याही ट्रकमधून जाते ना गा? ट्रक बदलला म्हणून पेटी बदलवतो का आपण?"

पहिल्याच खंडेनवमीला घोटाळा झाला. शिपायानं लॅबमधली सगळी मशीनं बंद करून हळदकुंकू वाहिलं, झेंडूचे हार घातले. सहा दिवसांचं गणित पाण्यात! मी भडकलो, ती मात्र खो खो हसत सुटली. "पूजाच केली ना बापा, फोडले तर नाही!" मग तिनं अशी सोय केली की एक मशीन बंद पडलं, तर त्याचं अर्धवट काम दुसऱ्यानं उचलावं. शिवाय प्रत्येकावर चिठ्ठी डकवली: काम चालू आहे, बंद करू नये. पडद्यावर उमटणारे निरोपसुद्धा तिनं मराठीत लिहिले होते.

प्रमुखांना मात्र फक्त आपल्याच लॅबमध्ये चालेल, उघडताच त्यांचं नाव दिसेल, असा प्रोग्रॅम हवा होता. तिनं साफ नाही म्हटलं. मग काय, समिती बसली. बाहेरच्या कॉलेजांशी जोडण्याची गरज नाही, जोडणी बंद करावी, असा अहवाल झाला. त्यावर सह्या तीन, आणि तिसरी माझी. वीस वर्षं तिच्या डब्यातली भाकर खाल्लेल्या माणसाची! बढतीची यादी निघायची होती ना... थू! आम्ही बाहेर पडलो तशी बाकीच्या चार कॉलेजांनीही अंग काढून घेतलं. तिला वेळापत्रकं लिहायला बसवलं. ती भांडली नाही. एवढंच विचारलं, "काहून केलं गा?" मी चहा मागवला.

परवा तिच्या घरी गेलो. म्हातारी आई आता एकटीच. कोपऱ्यात वैजयंतीचं स्वतःचं, तेव्हा ग्रिडला जोडलेलं जुनं मशीन चालूच होतं, वर तीच पिवळी पडलेली चिठ्ठी. म्हटलं, "बंद करून देऊ का, काकू?"

"नोको गा. तिनं लिहून ठेवलं ना, बंद करू नये म्हणून. मंग मी कशाले बंद करू?"

ज्या चिठ्ठीला आम्ही तीन शिकलेल्या माणसांनी भीक घातली नाही, ती या बाईनं पाळली. पडद्यावर एकच ओळ होती: बाकीच्या मशीनची वाट पाहत आहे.

"रोज हेच लिहून राहते ते," काकू चष्मा पुसत म्हणाल्या. "कोणाची वाट पाहून राहिलं असन गा?"

"काही नाही काकू, मशीन आहे, लिहितं असंच," मी म्हणालो. जिना उतरताना स्वतःचीच शिसारी आली.

तिथं जीभ उचलली नाही, म्हणून इथं लिहितो. काकूंकडे वर्तमानपत्राची हीच पुरवणी येते, आणि त्या चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचतात. काकू, ते आमची वाट पाहतंय. बंद करणाऱ्यांत मी होतो.