बिनदुधाचा गवती चहा
गवती चहाचा वास आला की मला सिंगापूरच्या बेडोकमधला एक रविवार आठवतो. बँकेतली माझी गोरी बॉस क्वेकर या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाची होती. पगार माझ्या दुप्पट, पण राहायची छोट्याशा सरकारी एचडीबी फ्लॅटमध्ये आणि कपडे तेच ते चार. त्यांच्या प्रार्थनेत ना पुजारी, ना मंत्र, सगळ्यांनी गोल बसून तासभर गप्प राहायचं, हे ऐकून मी कुतूहलाने तिच्या घरच्या प्रार्थनेला गेले, तर त्या गोलात खुर्चीवर आमच्याच घरी राहून काम करणारी हेल्पर बसलेली! सुट्टीच्या दिवशी ही कुठे जाते, हे मी कधी विचारलंच नव्हतं. चार वर्षांत ती माझ्यासमोर कधी खुर्चीला टेकलीही नव्हती. पंखा घरघरत होता, खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉल्सवरून तळणाचा वास येत होता, सगळे डोळे मिटून शांत होते आणि मी आतल्या आत जळत होते. नंतर बॉसने स्वतः चहा आणला. मला विचारलं, "साखर किती?" हेल्परला काहीच विचारलं नाही, बिनदुधाचा, बिनसाखरेचा गवती चहा सरळ तिच्या हातात ठेवला. न राहवून मी म्हणाले, "घरी तर तू दुधाचा पितेस!" ती सहज म्हणाली, "मॅडम, घरी उरतो तो पिते." ती तिच्या गावी परत गेली, त्यालाही वर्षं झाली. तिला आणखी काय काय आवडायचं, ते त्या बॉसला नक्की ठाऊक असणार. पण बॉसला ते विचारायला अजून माझी जीभ रेटत नाही.