लांगरीमामांचा साहेब

दोन माणसांचा स्वयंपाक नावाची गोष्ट या जगात असते, हे आमच्या लांगरीमामांना शेवटपर्यंत पटलं नाही. देव माणसं एकेकटी जन्माला घालतो यात त्याचीच काहीतरी गफलत आहे, निदान पलटणीच्या हिशोबाने तरी घालायची, असं त्यांचं मत असावं. फौजेत भटारखान्यात रांधणाऱ्याला लांगरी म्हणतात. मामांची सगळी हयात त्यातच गेली. मोठ्या लढाईत वाळवंटात आणि ब्रह्मदेशाच्या चिखलात त्यांनी पलटणीला जेवू घातलं, आणि मग पेन्शन घेऊन मरोळला आमच्या बैठ्या चाळीत शेवटच्या खोलीत येऊन राहिले. एकटा जीव सदाशिव. सामान म्हणजे एक पत्र्याची ट्रंक आणि तीन देगचे. त्यातल्या सगळ्यात लहान देगच्यात माझी धाकटी नणंद मांडी घालून आरामात बसली असती, आणि ती काही नाजूक नव्हती.

मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आले होते आणि माझ्या स्वयंपाकाच्या नावाने आनंदच होता. एकदा ह्यांचे कारखान्यातले साहेब अचानक जेवायला येणार असं कळलं, तेव्हा मी लाज गुंडाळून मामांकडे गेले आणि जरा रस्सा करून द्याल का म्हणून विचारलं. त्यांनी मला उलट विचारलं, नफरी किती? नफरी म्हणजे जेवणारी डोकी. मी म्हटलं, तिघं. मामांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं आपण काहीतरी अभद्र बोललो. "तिघांचा अंदाज येत नाही, बाईसाहेब. पन्नासाच्या खाली हात चालत नाही," ते म्हणाले. शेवटी पन्नासांचा रस्सा झाला. साहेबांनी खाल्ला, आम्ही खाल्ला, अख्ख्या चाळीने खाल्ला, आणि उरलेला घेऊन मामा गावठाणात पेद्रूकाकांच्या घरी गेले, कारण भाजी त्यांच्याच वाडीतली होती. पेद्रूकाका भला माणूस. रिकामं भांडं कसं परत पाठवायचं म्हणून त्यांनी त्यात काठोकाठ वांगी भरली. दुसऱ्या दिवशी मग पन्नासांचं भरीत.

पेन्शनीतला माणूस एवढा शिधा आणणार कुठून? तर हळूहळू आमच्या चाळीत अशी रीतच पडली की दुपारच्या जेवणाचे तांदूळ-डाळ घरोघरच्या बायकांनी मामांच्या देगच्यात नेऊन टाकायचे आणि मामांनी रांधायचं. सुना खूश. सासवा म्हणायच्या, या पोरी चूल पेटवायला विसरतील. मी तर खरंच विसरले. बारा वाजले की मामा झाऱ्याने थाळी बडवायचे आणि आम्ही सगळ्यांनी आपापलं ताट घेऊन रांगेत उभं राहायचं. मधे घुसायचं नाही. पाळी बदलून उशिरा उठलेल्या माझ्या नवऱ्याने एकदा ओळखीचा फायदा घेऊन पुढे जायचा प्रयत्न केला, तर मामांनी त्याला पोरांदेखत मागे पाठवला आणि पुढे महिनाभर पोरं त्याला ‘शेवटचा नंबर’ म्हणत होती. चहासुद्धा मामा बादलीतच करायचे. चाळीत एका मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा तिची आई नको नको म्हणत असताना हे बादली आणि पत्र्याचे मग घेऊन बैठकीत हजर. आम्ही डोक्याला हात लावला. पण मुलाचे वडील दोन मग चहा प्यायले, तिसरा मागितला, आणि तो पिता पिताच म्हणाले की मुलगी पसंत आहे. मुलीने अजून तोंडही वर केलं नव्हतं.

फौजेतला कुणी सुट्टीवर आला, किंवा कुणाची बायको नवऱ्याकडे त्याच्या ठाण्यावर निघाली, की मामांच्या अंगात वारं शिरायचं. मरोळच काय, पार कुर्ल्यापासून दिंडोशीपर्यंत त्यांना बातमी लागायची. आमच्या मागच्या गल्लीतल्या, फौजेत नाईक असलेल्या एकाची बायको कडेवरचं पोर घेऊन पठाणकोटला निघाली होती. बिचारी कधी अंधेरीच्या पलीकडे गेली नव्हती, रडून रडून डोळे सुजवून बसली होती. मामांनी तिला टोपलंभर पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी बांधून दिली. ती म्हणाली, एवढं कोण खाणार? तर मामा म्हणाले, "तुला खायला दिलेलं नाही. डब्यात बसलीस की वाटायला लाग. ज्याने तुझी पुरी खाल्ली तो तुझं सामान उघड्यावर टाकून झोपणार नाही." तिकडून तिने कळवलं की सुखरूप पोचले, एक चिंधीसुद्धा हरवली नाही, आणि वाटेत दोन भाऊ मानले.

आता आजींचं सांगते. माझ्या भिंतीला भिंत लावून एक मालवणकडच्या आजी राहायच्या. नवरा गिरणीत होता तो वारलेला, एकुलता एक मुलगा वसंता फौजेत. कोरियातली लढाई थांबली आणि तिथल्या कैद्यांवर पहारा ठेवायला आपली फौज बोटीने गेली, त्यात वसंताची पलटण होती. आजींना कोरिया कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. मला तरी कुठे ठाऊक होतं! पण मुलगा समुद्रापलीकडे गेला एवढं कळल्याबरोबर त्यांनी गावच्या देवीला बोलून टाकलं की वसंता परत येऊन हा उंबरा ओलांडेपर्यंत मी अन्न शिवणार नाही. कपभर आरेचं दूध आणि एखादं केळं, बस्स. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, चार दिवसांत सुटेल. कसलं काय. महिना गेला, दुसरा लागला, आणि म्हातारीच्या हातातलं चांदीचं कडं कोपरापर्यंत जायला लागलं. देवळातल्या भटजींनी सांगून पाहिलं की नवस सैल करता येतो, तर आजींनी त्यांनाच वाटेला लावलं. मी तर तापट. मी एकदा ओरडलेच, की वसंता येईल तेव्हा उंबऱ्याच्या आत त्याला कोण भेटणार आहे? आजी भिंतीकडे तोंड करून झोपल्या, आणि मी घरी येऊन रडले. ही बाई आमच्या डोळ्यांसमोर संपत चालली होती आणि कुणाचा इलाज चालत नव्हता.

मामांनी आधी आयुष्यात पहिल्यांदा एका माणसापुरती पेज करून पाहिली. तीत त्यांच्या सवयीने मूठभर मीठ पडलं आणि ती मांजरानेसुद्धा तोंडात घेतली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ते ट्रंकेतला खाकी सदरा चढवून, मिशा विंचरून, हातात डाळीचा डाव घेऊन आजींच्या दारात ताठ उभे राहिले. मागे आम्ही सगळे ताटं घेऊन रांगेत. मामा म्हणाले, "साहेब, चव घ्या."

आजींना वाटलं, मेल्याला वेड लागलं. मामांनी शांतपणे समजावलं. फौजेत लांगरी स्वतः चव घेत नाही. साहेब येतो, चव घेतो, बरोबर आहे म्हणतो, तेव्हा कुठे जवानांना वाढलं जातं. इथे आजवर साहेबच नव्हता म्हणून कसंतरी चाललं, पण फौजीची आई चाळीत असताना यापुढे तसं चालणार नाही. आजी म्हणाल्या, मी अन्न सोडलंय. तेव्हा मामा म्हणाले, "खायला कोण सांगतंय, साहेब? चाखायचं आहे. तुमच्या वसंताची डाळसुद्धा तिकडे कुणीतरी आधी जिभेवर ठेवत असेल, तेव्हाच त्याच्या ताटात पडत असेल. त्याने म्हटलं, माझं व्रत आहे, तर वसंता जेवेल का?"

आजींनी आधी मागच्या रांगेकडे पाहिलं. मग त्यांनी बोट डाळीत बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाल्या, "मीठ बरा आसा." मामांनी तिथल्या तिथे खाडकन सलाम ठोकला आणि वाढायला घेतलं.

पुढची लबाडी मामांनी इतक्या बेताबेताने केली की शत्रूशी केली असती तर लढाई लवकर संपली असती. बोटभर डाळीने पन्नासांची चव कळत नाही म्हणून वाटी आली. नुसत्या डाळीची चव खरी नसते, भाताबरोबर घ्यायला हवी, म्हणून वाटीत भात आला. मग मामा मुद्दाम कशाततरी चूक करायला लागले, म्हणजे आजींनी खोड काढायची, मामांनी परत जाऊन सुधारून आणायचं, आणि आजींनी पुन्हा चाखायचं. पलीकडच्या एका बाईने नळावर विषय काढलाच, की याला चाखणं म्हणतात की जेवणं? मी तिला म्हटलं, देवी बघून घेईल, तू तुझी बादली उचल. आजींच्या अंगावर थोडं थोडं मांस धरायला लागलं, आणि साहेबी तर अशी अंगात भिनली की हळद कच्ची राहिली म्हणून त्यांनी एकदा मला सर्वांसमोर झापलं. मी फक्त देगच्याजवळ उभी होते.

मधे एकदा वसंताकडून काही कळेचना. आठवडे उलटले, आणि एका दुपारी आजींनी मामांकडे पाठ केली आणि दार लोटून घेतलं. मामा डाव धरून उन्हात उभे राहिले. हुकूम म्हणजे हुकूम, चव झाल्याशिवाय वाढायचं नाही. आम्ही रांगेत ताटकळलो. आपापल्या घरी जाऊन काहीतरी खाता आलं असतं, पण कुणी हललं नाही. पोरं भुकेने पिरपिरत होती, आणि मामांच्या मिशीवरून घाम गळत होता. आतून काही हालचाल नाही. मला वाटलं, आज ही बाई हातची गेली. कधीतरी एक तान्हं मोठ्याने रडायला लागलं, आणि दार उघडलं.

"आण हयसर, मेल्या," आजी म्हणाल्या. डोळे लाल झाले होते. "पोरांक उपाशी ठेवतंस?"

त्या दिवशी त्यांनी वाटीतलं सगळं संपवलं आणि एकही खोड काढली नाही. थंडी सरल्यावर वसंता आला. त्याने उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधीच आजींनी त्याला विचारलं की तिकडे जेवणात मीठ बरोबर असायचं का. तो बावचळून हो म्हणाला. आम्ही हसतही होतो, रडतही होतो. त्याला बेळगावला राहायला क्वार्टर मिळालं होतं आणि आईला तो घेऊनच जाणार होता.

निघायच्या दिवशी आजींनी कितीतरी महिन्यांनी आपली चूल पेटवली. कुळथाची पिठी आणि भात केला, मामांना बोलावलं आणि पाट मांडला. मामांना बसून जेवताना आम्ही कुणी कधी पाहिलं नव्हतं. सगळ्यांचं झालं की ते देगच्याशेजारी उभ्यानेच दोन घास खायचे. ते दाराशीच घुटमळायला लागले, म्हणाले, अजून पोरांचं व्हायचं आहे, मी मागाहून बघतो. आजी म्हणाल्या, "बस. आज मी वाढतंय." मामा बसले. लहान मुलासारखी मान खाली घालून जेवले, पिठी पुन्हा पुन्हा मागून घेतली, ताट बोटांनी पुसून काढलं. आजींनी विचारलं, मीठ कसं आहे? मामा पाटावरून उठून ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे, साहेब."

टांगा आला, गेला. मामा रस्त्याच्या वळणापर्यंत टांग्यामागे चालत गेले होते. आजींची भांडी घासून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. पातेल्याच्या तळाला थोडी पिठी राहिली होती, ती मी बोटाला लावून जिभेवर ठेवली. गडबडीत म्हातारी तिच्यात मीठ घालायलाच विसरली होती.