भुसावळ बाजूची पिन

तांडेलनं जन्मात कुठली वस्तू ओढली नाही. जे हलवायचं ते मागून ढकलायचं. सळ्यांनी भरलेली हातगाडी असो, डिझेलचं पिंप असो, नाहीतर शेठची बंद पडलेली मोटार असो, हा मागं जाऊन खांदा लावणार आणि पुढच्याला म्हणणार, "तुम्ही नुसती दिशा धरा." तो मूळचा इगतपुरीचा, बाप रेल्वेत. कसाऱ्याहून घाट चढताना गाडीला मागून इंजिन जोडतात आणि इगतपुरीला सोडतात, ते बघत हा लहानाचा मोठा झाला. मला एकदा म्हणाला, "ओढणारा पुढं बघतो, नाना. मागं काय तुटलं त्याला पत्ता नसतो. ढकलणाऱ्याला समदी गाडी दिसती."

बोलायचा असं, आणि लोक माना डोलवायचे. तेच मी बोललो असतो तर कुणी चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नसता.

मी सायखेड्याचा. शाळा चौथीत सुटली, पण लेथवर माझा हात धरणारा सातपूरच्या कारखान्यांत कुणी नव्हता. हे मी सांगतो म्हणून नाही, शेठ सांगायचा. तांडेल आमच्याकडं फिटर म्हणून आला तेव्हा त्याचं नाव वामन होतं. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. दिसायला काही खास नाही, दात पुढं, आवाज फाटका. पण तो आल्यापासून जेवणाच्या सुट्टीत माझ्या लेथपाशी बसणारी माणसं त्याच्या बाकड्यापाशी जाऊन बसायला लागली. मी डबा उघडून एकटा जेवायचो आणि तिकडून हसण्याचा आवाज यायचा. कशाला हसतात ते विचारायला जाणं माझ्या स्वभावात नाही.

घरीही तीच तऱ्हा. गावाहून आला की घाटावरचा तांदूळ घेऊन यायचा, पिशवी ओट्यावर ठेवायचा आणि आमच्या हिला म्हणायचा, "वहिनी, ह्याला पाणी कमी घाला, नायतर माझं नाव बदनाम व्हईल." एवढ्यावर ही पदर तोंडाला लावून हसायची. तो गेल्यावर म्हणायची, "भावजी आले की घर बोलकं होतं." मी म्हणायचो, मग मी असताना काय मुकं असतं? ती ताट वाढायला घ्यायची. भात मात्र खरंच चांगला व्हायचा.

त्याचं नाव तांडेल पडलं ते ऐंशी साल उलटल्यावर. मुंबईकडच्या एका गोदीचं काम शेठला मिळालं. समुद्रात माल वाहायची बार्ज असते, म्हणजे इंजिन नसलेला लोखंडी तराफा. तिला टग नावाची छोटी दणकट बोट दोरखंडानं ओढत नेते. पण समुद्र खवळला की दोरखंड तुटतो, बार्ज भलतीकडं भरकटते. म्हणून गोदीवाल्यांना टगनं मागून ढकलणारी जोडणी करायची होती. बार्जच्या पाठीमागं मोठी खाच, त्या खाचेत टगचं नाक घुसणार. मग टगच्या दोन्ही गालांतून मांडीएवढ्या जाड पिना स्क्रूनं बाहेर सरकणार आणि बार्जच्या भिंतीतल्या घरांत, म्हणजे खोबणींत, जाऊन बसणार. पाळणा जसा दोन कड्यांवर झुलतो, तशी टग त्या पिनांवर लाटेबरोबर वरखाली डुलणार, पण सुटणार नाही.

शेठ हे समजावत होता तेव्हा सगळ्यांची तोंडं कोरी. तांडेल मात्र मांडीवर थाप मारून म्हणाला, "हे तर आमचं घाटातलं इंजिन." शेठ खूश. त्या दिवसापासून शेठ ड्रॉइंग आधी त्याच्या बाकड्यावर पसरायचा आणि मग माझ्याकडं आणायचा.

पिना मी केल्या. दुसऱ्या कुणाला मी हात लावू दिला नाही. त्या सबंध महिन्यात मी घरी कुणाशी धड बोललो नाही असं ही सांगते. दोन्ही बाजूंच्या जोडण्या दिसायला जुळ्या, पण टगचे गाल तिरपे असतात, त्यामुळं आतला उतार एकमेकींच्या उलट. एकीची पिन दुसरीच्या घरात घातली तर अडकणार. मी प्रत्येक पिन तिच्या तिच्या घराशी अशी जुळवली होती की तेल लावून हातानं ढकलली तर श्वास सोडल्यासारखी आत जायची.

समुद्र काही सातपूरला नाही. मग चाचणी घ्यायची कशी? तांडेलनं अंगणात एक चौकट उभी केली, त्यात जोडण्या बसवल्या, पिनांवर टगच्या जागी एक लोखंडी सांगाडा लटकवला आणि स्वतः त्यावर घोड्यावर बसावं तसा चढला. सहाजण दोरांनी सांगाडा खालीवर हलवायला लागले. हा वरून ओरडतोय, "लाट आली, लाट आली, धरा." सगळा कारखाना लोटपोट. शेजारच्या कारखान्यातली माणसं भिंतीवर चढून बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, अरे हा तर गलबतावरचा तांडेल. झालं, नाव चिकटलं. माझ्या पिना फिरत होत्या, एवढासाही आवाज न करता. मी एकटा तिकडं बघत होतो. बाकी सगळे वर बसलेल्याकडं.

शेठनं मला शब्द दिला होता की गोदीत जोडणी बसवायला नानाच जाणार. एकच माणूस पाठवायचा होता, आणि पिना ज्याच्या हातच्या, तो जाणार हे सरळ होतं. मी समुद्र पाहिला नव्हता. पण नुसता समुद्र पाहायची मला हौस नव्हती. मला माझी पिन भर लाटेत फिरताना ऐकायची होती. हिनं बॅग काढून उन्हात ठेवली, दोन सदरे इस्त्री करून आणले. माल ट्रकमधून पुढं गेला आणि मी दोन दिवसांनी निघणार होतो.

मधल्या दिवशी गोदीतून ट्रंक कॉल आला. जोडण्यांवर पंचनं काहीतरी ठोकलंय, त्याचा अर्थ काय? शेठनं विचारलं, काय ठोकलंय? तर एका जोडणीवर 'मुंबई बाजू' आणि दुसरीवर 'भुसावळ बाजू'. टगवर भुसावळ कुठून आणायचं, असं तो पलीकडचा साहेब म्हणत होता.

हा तांडेलचा उद्योग. रेल्वेवाल्यांना उजवं-डावं नसतं, त्यांना मुंबई आणि भुसावळ अशा दोनच दिशा. अंगणात जी जोडणी मुंबईच्या अंगाला होती तिच्यावर त्यानं मुंबई ठोकलं आणि दुसरीवर भुसावळ. शेठनं त्याला समोर उभं केलं. मला वाटलं, आज ह्याची खैर नाही. तर हा शांतपणे म्हणाला, "शेठ, उजवी-डावी माणसाला असते. माणूस वळला की तीबी वळती. भुसावळ कुठं वळतं का?"

शेठ आधी हसला, मग चिडला, मग परत हसला. मी पुढं होऊन सांगितलं की कुठली बाजू कुठली ते मलाही ठाऊक आहे, मी गेलो की लावतो. शेठ म्हणाला, "नाना, तुझ्या कामात काही खोट नाही. घोळ ह्यानं घातलाय, तोच जाऊन निस्तरेल."

आता हा काय न्याय झाला? ज्याचं काम चोख तो घरी, आणि ज्यानं घाण केली त्याला समुद्र. मी तांडेलला कोपऱ्यात गाठून विचारलं, "लेका, मुद्दाम ठोकलंस ना?" त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "नाना, तुमची शपथ नाय. तुम्ही म्हणत असाल तर मी आजारी पडतो." मी म्हणालो, तुझ्या आजारपणावर मला जायचं नाही. बॅग हिनं परत माळ्यावर टाकली.

तो गेला आणि चांगला काळा होऊन परत आला. जेवणाच्या सुट्टीत गोष्टी सुरू. टग खाचेत कशी शिरली, पिना कशा बसल्या, बाहेरच्या पाण्यात टगनं माना कशा डोलवल्या आणि ह्याला उलट्या कशा झाल्या. मी त्यांच्याकडं पाठ करून बसलो होतो, पण लेथ बंद ठेवला होता. बोलता बोलता त्यानं आवाज चढवला, मला ऐकू जावं म्हणूनच. "आन पिन कुरकुरली नाय. रात्रभर कान लावून झोपलो, पर कुरकुरली नाय." सगळे माझ्याकडं वळले. मी डब्याचं झाकण लावलं. माझ्या पिनेचा आवाज त्याच्या तोंडून कशाला ऐकायचा मी?

वर्षभरात गोदीवाल्यांनी त्याला कायमचं बोलावून घेतलं. निघायच्या दिवशी सगळ्यांनी हार घातला, पेढे वाटले. मी लेथ सोडला नाही. एका शाफ्टवर कट चालू होता, हत्यार लोखंड सोलत पुढं सरकत होतं. कट चालू असताना टर्नरशी कुणी बोलत नाही, ही आमच्या धंद्यातली रीत आहे. तांडेल आला आणि बाजूला उभा राहिला. तेवढा कट संपला तेव्हा म्हणाला, "नाना, तिकडं टर्नर पायजे. मी तुमचं नाव सांगितलंय. ते हो म्हणलेत. खोलीची सोय मी करतो, वहिनींना घेऊन चला."

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. एवढंच सांगतो की 'चल' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. पण नाव त्यानं सांगितलेलं. तिथं जाऊन जन्मभर मी तांडेलनं आणलेला माणूस झालो असतो. मी म्हणालो, "माझं नाव सांगायला मला दुसरा माणूस लागत नाही."

आणि शाफ्टवर पुन्हा कट लावला. सगळ्यात बारीक फीडवर, हत्यार अगदी हळू सरकेल असा, म्हणजे लवकर संपू नये. तो रीतीप्रमाणं गप्प उभा राहिला. बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारत होता, शेठ हाका मारत होता. तरी हा हलेना. मला वाटलं हात लांब करून मशीन बंद करावं. केलं नाही. शेवटी त्यानं वाकून हात टेकवला, माझ्या पायाला नाही, लेथच्या बेडला, आणि गेला.

पुढं तो कधी भेटला नाही. मागच्या पावसाळ्यात तिकडंच वारला असं कळलं. ही दोन दिवस नीट जेवली नाही.

त्या दिवशी तो गेल्यावर, कट संपला तेव्हा मी मायक्रोमीटर लावला. शाफ्ट मापाखाली गेला होता. तो दुसरा कट त्याला नकोच होता. माझ्या हातून भंगारात गेलेला तो एकच जॉब. शेठनं विचारलं तेव्हा मी म्हणालो की लोखंड नरम निघालं.