झेंड्याची दुपटी

शिलाईकाकूंना मळक्या कापडाची किळस कधी आली नाही. माणसांची यायची, त्यातही चौकाच्या मंडळाच्या अध्यक्षाची जरा जास्तच. गेल्या वर्षी शेजारच्या बड्या देशाचे पाहुणे येणार म्हणून हाच गडी हात चोळत दुकानात आला होता. "काकू, त्यांचे झेंडे शिवा. कापड मऊ सुती घ्या. थोरला भाऊ आहे तो आपला!" पाहुणे काही आले नाहीत. झेंडे काकूंच्या फळीवर पडून राहिले.

काकूंची लेक त्याच देशात दिलेली. ती बाळंतपणाला आली आणि काकूंनी त्या झेंड्यांना कात्री लावली. बाळाला याहून चांगली दुपटी कुठली मिळणार? शिवणाऱ्या बाईला कापड म्हणजे कापड.

मग सरहद्दीवर बिनसलं आणि चौकाचं वारं फिरलं. काल लेकीशी गोड बोलणारे आज तिला बघून पचकन थुंकू लागले. मेल्यांना लाज कशी ती नाही! पोरगी बाळासकट सुखरूप सासरी पोचू दे, एवढंच काकूंच्या मनात होतं.

अध्यक्ष पुन्हा उगवला. "काकू, ते झेंडे काढा. जाळायचेत."

"त्यांची दुपटी केली मी. वाळतायत दोरीवर."

त्याने मागच्या दारातून डोकावून पाहिलं आणि मोबाइल काढत खिदळला. "त्यांच्या झेंड्यात पोराची शी! काकू, मानलं तुम्हाला!"

"अहो, ते पोर त्यांच्यातलंच आहे! फोटो नका काढू, पाया पडते. जावयाने पाहिलं तर माझ्या लेकीचं घर मोडेल."

ऐकतो कोण! दुपटी, काकू आणि दुकानाची पाटी, सगळं गावभर फिरलं, मग सरहद्दीपलीकडेही. दिवेलागणीला जावयाचा फोन आला. तो ओरडला नाही. "तुमच्या मुलीला आता तिकडेच ठेवा," एवढंच म्हणाला.

सकाळी अध्यक्ष चार टाळकी घेऊन सत्काराला हजर. "काकू, देशाची मान उंच केलीत!"

आत बाळ रडत होतं. काकू उठल्या, नुकतंच भरलेलं दुपटं आणलं आणि त्याच्या हातावर ठेवलं.

"शी! हे काय काकू?" त्याने ते खाली टाकलं.

"काल तर केवढं कौतुक होतं! उचला, आणि धुऊन आणा. पोराचा बाप तुम्ही तोडलात. आता ही दुपटी माझ्याच घरात लागणार."