चित्रातल्या बाईचं कुंकू

परवा संध्याकाळी मी आणि हिनं चुलीच्या आरात बटाटे भाजले आणि मिठाला लावून खाल्ले. तेच शेवटचं. खाताना त्या करपट वासानं मी पार मागं गेलो होतो, दुसरी मोठी जागतिक लढाई नुकती संपल्याच्या दिवसांत.

तेव्हा हिचा धाकटा भाऊ विलायतेत शिकून आमच्या गावी, खर्ड्याला आला होता. त्यानं असेच बटाटे भाजले. धुरातनं त्याचा आवाज स्वप्नात ऐकल्यासारखा येत होता.

"तिथं ह्यावरच दिवस काढले, आक्का. सुट्टीदिवशी चित्रांच्या मोठ्या घरात जाऊन बसायचो."

"चितरं बघून प्वाट भरतं व्हय रं?"

त्यानं तिथलं एक छापील चित्र तिच्या हातात दिलं. पाव कापणारी बाई होती. "हिच्यापुढं बसलं की वाटायचं, आता आक्काच वाढंल."

ही उठली, करंडा आणला आणि त्या बाईला कुंकू लावलं.

"येडी का तू? कागदाला कुंकू?" मी हसलो.

"घरी आल्याली बाई हाय. तशीच बसवू?"

मग चित्र भिंतीवर लावलं आणि रोज आधी त्या बाईला कुंकू, मागनं स्वतःला. कुंकवानं चित्राचं तोंडच दिसेना. मला ते खूळ वाटायचं. आता कळतं, परमुलखात त्या चित्रातल्या बाईनं हिच्या भावाला सोबत केली, त्याची ही फेड होती.

परवा रात्री ही झोपेतच गेली. सकाळी बायकांनी तिला नवं लुगडं नेसवलं. कुंकू मी लावलं. मग उठून तेच बोट भिंतीवरच्या बाईला लावलं.