आई परत येणार नाही, असं त्यांना वाटतं

मंडळी, कुणाला असा अनुभव आला असेल तर प्लीज लगेच सांगा. दुपारपासून काही सुचत नाहीये.

माझी मोठी बहीण युरोपात असते. पुढच्या महिन्यात तिचं पहिलं बाळंतपण आहे. दाजींना सुट्टी मिळत नाहीये, म्हणून आईसाठी व्हिजिटर व्हिसाचा अर्ज केला होता. आज पासपोर्ट परत आला, व्हिसा नाकारून. कारण काय, तर या बाई मायदेशी परत जातील याची खात्री वाटत नाही!

आमची आई! कार्ल्यातली भातशेती आणि दोन म्हशी सोडून ती लोणावळ्याला मावशीकडेसुद्धा एक रात्र राहत नाही.

मग आठवलं. एम्बसीतून एका मराठी बाईंचा फोन आला होता, तिकडे किती दिवस राहणार म्हणून. आई सरळ म्हणाली होती, "लेकीला गरज हाय तवर ऱ्हाईन की."

ताईच्या शेजारी एक जपानी बाई राहते. तिची आई नुसतं तिकीट काढून आली, तिला व्हिसा लागलाच नाही. आमच्या आईला मात्र निघायच्या आधीच, आपण परत येणार हे पटवून द्यायचंय.

ताईला अजून काही सांगितलेलं नाही. पुन्हा अर्ज करतोय. परत फोन आला तर काय बोलायचं, ते आईकडून घोकून घेतोय.

"पंधरा दिसांनी परत येनार," एवढं ती नीट म्हणते. मग माझ्याकडे बघते.

"आन् तवर ती बाळंतच झाली न्हाई तर?"

काय सांगू तिला?