इथेन आणि इथीन

कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिला सगळे बाटलीबाई म्हणत. अकरा वर्षं ती नळ्या, चंबू, बाटल्या धूत होती. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. सुट्टीत त्या भरत, कामावर आलं की पुन्हा उघडत. सहायकाची जागा निघाली. परीक्षा पास झाली, तर हात पाण्यातून सुटणार होते. वयाच्या अटीमुळे संधी ही एकच.

शिकवायला घरातच नणंद होती, शाळेत विज्ञान शिकवणारी.

"नाव द्यायचं तर आधी कार्बन मोज, वहिनी. लांबात लांब साखळी."

"मोजली. चार."

"सरळ दिसते म्हणून चार. इथून खाली वळ. पाच झाले की नाही?"

"मग वन्सं, सरळ काढायला या पुस्तकवाल्यांना काय धाड भरलीय?"

वन्सं हसल्या. तिला हसू आलं नाही. त्यांनी वाकडं काढायचं, आपण वळून मोजायचं, मग आकडे डावीकडून द्यायचे की उजवीकडून यावर डोकं फोडायचं. महिना झाला तरी नावं काही जिभेवर बसेनात.

"इथेनला मात्रा, दोन कार्बनांमध्ये एक रेघ. इथीनला वेलांटी, दोन रेघा."

"हे शास्त्र आहे की शुद्धलेखन?"

क्रिया मात्र तिला आधीच ठाऊक होत्या. ब्रोमीनचं लालसर पाणी इथीनने रंग गमावतं, इथेनने तसंच राहतं. दोन्ही तऱ्हेच्या नळ्या तिने शेकड्यांनी धुतल्या होत्या. परीक्षेत नेमकं तेच आलं. रंग घालवणाऱ्या वायूचं नाव लिहा. तिने झरझर लिहिलं.

चाळीस गुण हवे होते. एकोणचाळीस मिळाले.

तिने पेपर तपासणाऱ्या कॉलेजच्या सरांकडे तो बघायला मागितला.

"इथे मात्रा दिलीय तुम्ही. इथेन झालं."

"शेजारी चित्र काढलंय, सर. दोन रेघा आहेत बघा. मला माहीत होतं."

"प्रश्न नावाचा होता. चित्राला गुण नाहीत."

"तुमच्या मुलांनी वहीत उलटं लिहिलं तरी नळी बघून मला कळतं."

"तुम्हाला कळतं हो, बाई. पण उद्या बाटलीवर चिठ्ठी तुम्ही लावणार. मुलं चिठ्ठी वाचणार, तुमच्या मनातलं नाही."

बरोबर होतं ते, आणि म्हणूनच ती जास्त भडकली. पेपर टेबलावर आपटून ती बाहेर पडली.

घरी वन्संनी सगळं ऐकून घेतलं.

"फेरतपासणीचा अर्ज करू. एका गुणाचाच तर प्रश्न आहे."

"काय तपासतील? वेलांटी सापडेल त्यांना?" ती म्हणाली. "मात्राच आहे ती. माझ्याच हातची."